शेवटचा हात कोणाचा?

समजा, मी तुम्हाला सांगितलं की एक ते दहामधला एक आकडा मी रँडम निवडला आणि तो ७ आला. तुम्ही विश्वास ठेवाल, कारण त्यात तुमचं काहीच जात नाही. आता समजा, दहा उमेदवारांपैकी एकालाच नोकरी मिळणार आहे, तुमचा नंबर ३ आहे आणि ७ नंबर माझ्या मेहुण्याचा आहे. आकडा तोच आहे. पण आता तुम्ही आकड्याकडे बघत नाही, माझ्याकडे बघता.

रँडम नंबरची सगळी अडचण इथे आहे. ७ या आकड्याकडे कितीही निरखून पाहिलं तरी तो निवडलाय की आपसूक आलाय हे कळत नाही. नाणं सहा वेळा उडवून सहाही वेळा छापा पडणं आणि छापा-काटा-काटा-छापा-काटा-छापा असंच पडणं, या दोन्हींची शक्यता सारखीच आहे: चौसष्टात एक. पहिलं पाहून आपण दचकतो, दुसरं पाहून मान डोलावतो, एवढाच फरक. रँडमपणा आकड्यात सापडत नाही. तो आकडा ज्या वाटेने आला त्या वाटेत शोधावा लागतो, आणि ती वाट बहुतेक वेळा बंद दाराआड असते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेली काही वर्षं ब्लॉकचेनवर चालणारे प्रोग्रॅम, म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, लिहितो. इंजिनिअरिंगला असताना रँडम नंबर म्हणजे लायब्ररीतलं एक फंक्शन होतं, एका ओळीत काम संपायचं. या कामाला लागल्यापासून मात्र एकच प्रश्न वेगवेगळ्या वेषांत समोर येतोय. ‘मी हे केलं’ याचा पुरावा देता येतो. ‘यात माझा हात नव्हता’ याचा पुरावा कसा द्यायचा?

गुपित वेगळं, सोडत वेगळी

तुमच्या फोनला रोज रँडम नंबर लागतात. बँकेचं ॲप उघडलं की फोन आणि सर्व्हर यांच्यात गुप्त किल्ल्या तयार होतात, त्या रँडम असाव्या लागतात. पण कॉम्प्युटर हे आज्ञाधारक यंत्र आहे, तेच इनपुट दिलं की तेच उत्तर देतं. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम बाहेरचा गोंगाट गोळा करते: हार्डवेअरमधले बारीक विद्युत चढउतार, वेगवेगळ्या घटनांमधलं मायक्रोसेकंदांचं अंतर. क्लाउडफ्लेअर या कंपनीने तर सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑफिसात लाव्हा लॅम्पची अख्खी भिंत उभारली आहे. त्यातल्या मेणाच्या वरखाली होणाऱ्या गोळ्यांचे कॅमेरा फोटो घेतो आणि त्या फोटोंमधून रँडम आकडे तयार करायला मदत होते.

हा गोंगाट कमी पडला तर काय होतं त्याची उदाहरणं आहेत. डेबियन लिनक्समध्ये २००६ साली ओपनएसएसएलच्या कोडमधल्या दोन ओळी काढल्या गेल्या. २००८ च्या मे महिन्यात लक्षात आलं की मधल्या काळात त्यावर बनलेल्या किल्ल्या फक्त सुमारे ३२ हजार शक्यतांमधून येत होत्या. एवढ्या किल्ल्या तर साधा लॅपटॉपही एकेक करून तपासू शकतो. २०१३ साली अँड्रॉइडच्या रँडम नंबरमधल्या दोषामुळे काही बिटकॉइन वॉलेटच्या सह्यांमध्ये तोच ‘रँडम’ आकडा दोनदा वापरला गेला. तसं झालं की दोन सह्यांवरून मालकाची गुप्त किल्ली साध्या बीजगणिताने काढता येते. लोकांचे पैसे गेले.

पण ही सगळी गुपितांची गोष्ट झाली. गुपिताची मागणी एकच असते, की ते दुसऱ्याला कळू नये. सोडतीच्या मागण्या दोन असतात. निकालाआधी तो कोणालाच कळता कामा नये, सोडत काढणाऱ्यालाही नाही. आणि निकालानंतर कोणालाही तो तपासता आला पाहिजे. लाव्हा लॅम्पमधून आलेला आकडा कितीही अस्सल असू दे, मनासारखा आकडा येईपर्यंत मी दहा वेळा फोटो काढले नाहीत हे तुम्हाला कसं कळणार?

ब्लॉकचेनवर ही दुसरी अडचण जास्तच बोचते. तिथे हजारो कॉम्प्युटर एकच प्रोग्रॅम चालवतात आणि सगळ्यांचं उत्तर एक आलं तरच व्यवहार पक्का होतो. प्रत्येकाने आपापलं नाणं उडवलं तर उत्तरं जुळणारच नाहीत. शिवाय आत काहीच लपत नाही. ज्या यंत्राची ताकदच ‘सगळ्यांना सगळं दिसतं’ ही आहे, त्याच्याकडे आपण कोणालाच आधी न दिसणारी गोष्ट मागतो.

‘परत खेळतो’ म्हणण्याचा हक्क

सुरुवातीला अनेकांनी सोपी पळवाट काढली. ब्लॉकची वेळ घ्या, आधीच्या ब्लॉकचा हॅश घ्या, दोन्ही घुसळा, झाला रँडम नंबर. वरवर पाहता तो आकडा वेडावाकडा दिसतो. पण ब्लॉक बनवणाऱ्याला तो इतरांच्या आधी दिसतो, आणि त्याच ब्लॉकमध्ये चालणारा दुसरा प्रोग्रॅमही तोच हिशेब करून तोच आकडा काढू शकतो.

२०२१ च्या मे महिन्यातलं मीबिट्सचं प्रकरण मला फार बोलकं वाटतं. लार्वा लॅब्ज या कंपनीने इथेरियमवर वीस हजार डिजिटल बाहुल्या आणल्या. घेणाऱ्याला कोणती बाहुली मिळणार हे रँडम ठरायचं. काही बाहुल्या दुर्मिळ होत्या आणि कोणत्या नंबरची बाहुली दुर्मिळ आहे ही माहिती शोधणाऱ्याला सापडत होती. इथेरियमचा एक नियम असा, की व्यवहार एकतर पूर्ण होतो नाहीतर पूर्ण रद्द होतो. एकाने याचा फायदा घेऊन छोटा प्रोग्रॅम लिहिला: बाहुली घे, दुर्मिळ नसेल तर सगळा व्यवहार रद्द कर, पुन्हा घे. असं तासन्‌तास चाललं. फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाची फी त्याला पडत होती. शेवटी हवी ती बाहुली हाती लागली आणि ती २०० इथरला विकली गेली.

यात त्याने आकडा बदलला नाही. नको असलेला निकाल नाकारण्याचा हक्क फक्त त्याने स्वतःकडे ठेवला. सापशिडीत फासा वाकडा पडला की ‘हा मोजायचा नाही’ म्हणणारं भावंडं प्रत्येक घरात असतं. त्याचा फासा खोटा नसतो. तरीही तो शेवटी जिंकतोच.

मला वाटतं सोडतीच्या नीतीतली पहिली गोष्ट हीच आहे. निकालावर ताबा ठेवायला निकाल घडवावाच लागतो असं नाही. तो फेकून देण्याची सोय असली तरी पुरते.

चकणं

राज्य कोणावर हे ठरवायला आपण लहानपणी चकायचो. सगळे गोल करून हात पुढे टाकायचे, कोणाचा पालथा, कोणाचा उलथा. वेगळा पडेल तो सुटला. उरलेले पुन्हा चकतात, शेवटी उरेल त्याच्यावर राज्य. या खेळात ना फासा आहे ना पंच. प्रत्येकाने थोडा थोडा अनिश्चितपणा आणून घातला की सगळ्यांचा मिळून असा एक निकाल लागतो जो एकट्या कोणाच्या हातात नसतो.

आणि या खेळातली ठरलेली लबाडी कोणती, तेही आठवत असेल. उशिरा हात टाकणं. बाकीच्यांचे हात बघून एखादा शेवटच्या क्षणी आपला हात फिरवतो. मग ओरडा होतो, ‘ए, उशिरा टाकला, परत चका!’

क्रिप्टोग्राफीतल्या गेल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या कामाचा एक मोठा भाग म्हणजे या उशिरा पडणाऱ्या हाताचा बंदोबस्त आहे. मॅन्युएल ब्लमने १९८१ साली फोनवरून नाणं कसं उडवावं यावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने घेतलेलं उदाहरण असं: घटस्फोट झालेलं जोडपं, दोघं वेगवेगळ्या शहरांत, गाडी कोणाची हे ठरवायचंय, आणि एकमेकांवर काडीचाही विश्वास नाही. नाणं मी उडवलं आणि ‘तू हरलीस’ असं फोनवर सांगितलं तर ती का मानेल?

त्यावरची युक्ती सोप्या शब्दांत अशी. दोघांनीही आपापलं उत्तर आधी बंद पाकिटात घालून समोरच्याकडे द्यायचं. पाकिटं पोचली की मगच उघडायची. पाकीट दिल्यावर आतलं उत्तर बदलता येत नाही, आणि उघडेपर्यंत ते वाचता येत नाही. डिजिटल जगात हे पाकीट म्हणजे हॅश. ब्लॉकचेनवर शंभर जण असले तरी पद्धत तीच: आधी सगळ्यांनी पाकिटं टाका, मग सगळ्यांनी उघडा, सगळे आकडे एकत्र घुसळा. शंभरातला एकजण जरी प्रामाणिक असला तरी आकडा रँडम.

निदान वाटतं तरी तसं.

गप्प बसणं हीसुद्धा चाल

नव्याण्णव जणांनी पाकिटं उघडली. राहिला एक. त्याच्याकडे आता सगळे आकडे आहेत, स्वतःचा धरून. अंतिम निकाल जगात फक्त त्याला माहीत आहे. तो सोयीचा असेल तर पाकीट उघडेल. नसेल तर म्हणेल, ‘सॉरी, नेट गेलं होतं.’

त्याला खोटं पाडता येत नाही, कारण नेट खरंच जातं. त्याला सोडून निकाल लावला तर निकाल बदलतो, म्हणजे त्याला दोन पर्यायांतून एक निवडायला मिळाला. त्याची वाट बघत थांबलो तर सगळी सोडत ओलीस राहते. रिचर्ड क्लीव्हने १९८६ साली गणिताने सिद्ध केलं की प्रामाणिक लोकांचं बहुमत नसेल तर फक्त निरोपांची देवाणघेवाण करून पूर्ण निर्दोष नाणं उडवता येत नाही. फेऱ्या वाढवून झुकाव कमी करता येतो, पण शून्य होत नाही.

इथेरियमसुद्धा यातून पूर्ण सुटलेलं नाही. सप्टेंबर २०२२ पासून तिथे पुढचे ब्लॉक कोण बनवणार हे रँडाव नावाच्या पद्धतीने ठरतं. दर १२ सेकंदांच्या पाळीला एकजण आपली डिजिटल सही टाकतो, अशा ३२ पाळ्यांच्या सह्या एकत्र घुसळल्या जातात. सही कशावर करायची हे ठरलेलं असतं, त्यामुळे कोणी मनासारखा आकडा घुसवू शकत नाही. पण ज्याची पाळी शेवटची, तो आपला ब्लॉक टाकायचा की पाळी चुकवायची हे ठरवू शकतो. पाळी चुकवली तर त्याची कमाई बुडते. निकाल त्याहून मोलाचा असेल तर तो बुडवेल. आणि शेवटच्या चार पाळ्या एकाच्याच वाट्याला आल्या तर त्याच्यापुढे सोळा पर्याय येतात.

यावर उपाय तीन प्रकारचे निघालेत. मी त्यांच्याकडे निव्वळ तंत्र म्हणून बघू शकत नाही, माणसांच्या लबाडीशी कसं वागावं याच्या त्या तीन वेगळ्या भूमिका आहेत.

पहिली भूमिका दंडाची. आधी अनामत ठेवा, पाकीट उघडलं नाही तर जप्त. हे चालतं, पण बक्षीस अनामतीपेक्षा लहान असेल तोवरच. एकदा बक्षीस मोठं झालं की दंड म्हणजे फक्त तिकिटाचा दर.

दुसरी भूमिका अशी, की कोणाचीच इतकी गरज ठेवू नका. २०१९ साली क्लाउडफ्लेअर, स्वित्झर्लंडमधलं इपीएफएल, चिली विद्यापीठ अशा काही संस्थांनी मिळून ‘लीग ऑफ एंट्रॉपी’ सुरू केली. त्यांच्या ड्रँड या नेटवर्कमध्ये एक गुप्त किल्ली तुकड्यांमध्ये वाटलेली असते. ठरावीक संख्येइतके तुकडे एकत्र आले की त्या फेरीचा आकडा तयार होतो, आणि कोणतेही तुकडे आले तरी आकडा तोच. एखादा रुसून बसला तरी काही अडत नाही. पुरेसे जण आतून मिळाले तर त्यांना आकडा आधी कळू शकतो, पण बदलता तरीही येत नाही.

तिसरी भूमिका मला सगळ्यात रोचक वाटते: त्याला अज्ञानात ठेवा. २०१८ साली डॅन बोने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘व्हेरिफायेबल डिले फंक्शन’ मांडलं. हे असं गणित आहे जे कितीही कॉम्प्युटर जुंपले तरी ठरावीक वेळेच्या आत सुटत नाही, पण सुटल्यावर उत्तर क्षणात तपासता येतं. सगळ्यांची पाकिटं उघडल्यावर निकाल अशा गणितातून जाऊ द्यायचा. म्हणजे शेवटच्या माणसाला उघडू की नको हे ठरवायला एक मिनिट, आणि उघडल्याने आपलं भलं होईल की वाईट हे कळायला दहा मिनिटं. जॉन रॉल्सने १९७१ च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’मध्ये म्हटलं होतं की समाजाचे न्याय्य नियम हवे असतील तर आपण त्या समाजात कोण असणार हे माहीत नसल्यासारखे ते ठरवावेत. ते अज्ञान कल्पनेतलं होतं. इथे ते घड्याळ लावून मोजता येतं.

काचेच्या खोलीतला माणूस

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? एखाद्या भरवशाच्या माणसाला सोडत काढू द्या, कॅमेरे लावा, झालं.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हेच केलं होतं. अनेक राज्यांच्या लॉटऱ्या चालवणाऱ्या संस्थेत एडी टिप्टन हा माहिती सुरक्षेचं काम बघायचा. आकडे काढणारं यंत्र काचेच्या खोलीत होतं, कॅमेऱ्याच्या नजरेत होतं. २९ डिसेंबर २०१० च्या ‘हॉट लोटो’ सोडतीत १ कोटी ६५ लाख डॉलरचं बक्षीस लागलं. तिकीट त्यानेच घेतलं होतं. पुढे उघड झालं की त्याने प्रोग्रॅममध्ये बारीकशी भर घातली होती: वर्षातल्या तीन ठरावीक तारखांना, आठवड्याच्या ठरावीक वारी आणि ठरावीक वेळेनंतर यंत्र असे आकडे देई जे त्याला आधीच काढता येत. बाकी सगळे दिवस यंत्र सरळ चाले, त्यामुळे तपासणीत काही सापडायचं कारण नव्हतं. २०१७ साली त्याला शिक्षा झाली.

पण प्रश्न फक्त लबाडांचा नाही. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेने व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांची सोडत काढली. ३६६ प्लॅस्टिकच्या कुप्या, प्रत्येकीत एक जन्मतारीख. ज्या तारखेची कुपी आधी निघेल त्या तारखेला जन्मलेल्यांना सैन्यात आधी बोलावणं. टीव्हीवर सगळ्यांसमोर काढली, कोणी लबाडी केली नाही. पण कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि नीट ढवळल्या गेल्या नाहीत. समान वाटप झालं असतं तर प्रत्येक महिन्याचा सरासरी क्रमांक १८३ च्या आसपास आला असता. जानेवारीत जन्मलेल्यांचा आला सुमारे २०१, डिसेंबरवाल्यांचा सुमारे १२१. पुढच्या वर्षी पद्धत सुधारली, पण १९६९ चा निकाल तसाच राहिला.

म्हणजे चांगला हेतूही पुरत नाही, आणि सगळ्यांसमोर करणंही पुरत नाही. वाट कशी होती हे नंतर कोणालाही तपासता यायला हवं.

पार्किंगची सोडत

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एक काम आलं होतं. एका मोठ्या गृहप्रकल्पात फ्लॅट जास्त, झाकलेलं पार्किंग कमी. बिल्डरला ‘ब्लॉकचेनवर पारदर्शक सोडत’ हवी होती, ब्रोशरमध्ये ते छान दिसलं असतं. मी आराखडा केला. पात्र फ्लॅटधारकांची यादी आधी गोठवायची, तिचा हॅश ब्लॉकचेनवर टाकायचा, हरकतींना आठ दिवस द्यायचे. अमुक तारखेला अमुक वाजता येणारी ड्रँडची फेरी वापरणार हे आधीच जाहीर करायचं. मग ज्याला हवं त्याने घरी बसून हिशेब करून पाहावा.

मीटिंगमध्ये त्यांच्याकडचे एक वयस्कर मॅनेजर होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘सगळं ठीक आहे हो, पण यात परत सोडत काढायचं बटण कुठे आहे?’

मी म्हटलं, ‘ते ठेवलंच नाहीये सर.’

‘अहो, असं कसं चालेल? एखादे काका हार्ट पेशंट असतात, एखाद्या आजींना चार पावलं चालवत नाही. त्यांना पार्किंग नाही आलं तर? कॉम्प्युटरला माणुसकी नसते, आपल्याला नको का?’

मी म्हटलं, ‘त्यांच्यासाठी जागा आधीच बाजूला काढू या. नियम लिहू, मग उरलेल्यांची सोडत काढू.’

‘सगळं आधी कसं सुचणार?’ ते म्हणाले.

हा प्रश्न मला आजही खोटा वाटत नाही. सगळं आधी सुचत नाही हे १९६९ च्या कुप्याही सांगतात. पण निकाल लागल्यावर जी माणुसकी सुचते ती चेहरे बघून सुचते. आजारी काका आठवतात, आणि त्याच दमात आपले कोण, तक्रार कोण करेल, गप्प कोण बसेल हेही आठवतं. महाभारतातल्या द्यूताची आठवण काढताना आपण शकुनीच्या फाशांत काय होतं यातच रमतो. मला त्याच्या आगेमागे जे घडलं ते जास्त खटकतं. पण दुर्योधनाचा आणि फासे टाकणार शकुनी, हे ठरतानाच युधिष्ठिराने हरकत घेतली होती, तरी तो खेळायला बसला. आणि द्रौपदीच्या वरांनंतर धृतराष्ट्राने सगळं परत केलं, तर ते न रुचलेल्यांनी त्याला गळ घालून पांडवांना अर्ध्या वाटेतून पुन्हा खेळायला बोलावलं. अनुद्यूत म्हणतात त्याला. परत सोडत काढायचं बटण तेव्हाही होतं, आणि ते कोणाच्या हातात होतं हे आपल्याला माहीत आहे.

आमचं काम पुढे सरकलं नाही. ‘थोडं गुंतागुंतीचं आहे’ असा निरोप आला. नंतर कळलं की सोडत एक्सेलमध्ये काढली आणि यादी पीडीएफ करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्यात गैरप्रकार झाला असं मी म्हणत नाही, माझ्याकडे त्याचा काहीच पुरावा नाही. पण झाला नाही याचाही पुरावा कोणाकडे नाही, आणि ही गोष्ट मला छळते. ज्याला जागा नाही मिळाली त्याच्या मनात संशय राहणार हे तर झालंच. ज्याला सरळ मार्गाने मिळाली तो काय करेल? लिफ्टमध्ये कोणी ‘तुमची ओळख दिसतेय वरपर्यंत’ असं हसत म्हटलं, तर त्याच्याकडे दाखवायला काही नाही. तपासता येणारी सोडत हरलेल्याची जितकी राखण करते, तितकीच प्रामाणिक विजेत्याची आणि प्रामाणिक आयोजकाचीही करते.

चिठ्ठी काय सांगते, काय सांगत नाही

मुळात चिठ्ठ्या का टाकायच्या? कारण कधीकधी निवडायला सभ्य कारण नसतं. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांमधल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव आहेत. महाराष्ट्रात त्यांची ऑनलाइन सोडत निघते, कारण जागांपेक्षा अर्ज जास्त येतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांमध्ये लायक कोण हे कशावर ठरवणार? चिठ्ठी म्हणते, तुझ्यात आणि त्याच्यात निवड करायला माझ्याकडे कारण नाही. ज्याचं नाव आलं नाही त्याला ‘तू कमी पडलास’ असं ती म्हणत नाही. गुणवत्ता यादी हे करू शकत नाही.

पण चिठ्ठीची ही इभ्रत एका अटीवर टिकते, की तिच्यामागे खरंच कोणाचा हात नसावा. हात निघाला तर ‘माझ्याकडे कारण नाही’ हे वाक्य खोटं ठरतं. कारण होतं, ते सांगितलं नव्हतं.

आणि आमच्या धंद्यातल्या लोकांना जे ऐकायला आवडत नाही तेही सांगितलं पाहिजे. सोडत निर्दोष असली म्हणून ती काढावी लागली ही परिस्थिती न्याय्य ठरत नाही. जागा इतक्या कमी का, हा प्रश्न उत्तमातल्या उत्तम रँडम नंबरने सुटत नाही, उलट तो दिसेनासा होण्याची भीती असते. ‘सोडत पारदर्शक होती’ असं म्हटलं की वाद मिटल्यासारखा वाटतो. ब्लॉकचेनवर आज अशा कितीतरी जुगारी खेळांत प्रत्येक फाशाचा गणिती पुरावा मिळतो आणि खेळणाऱ्याचे पैसे तरीही सरळ मार्गाने जातात. फासा खरा आहे हे मी सिद्ध करून देऊ शकतो. पटावर बसावं का, याचं उत्तर माझ्या कोडमध्ये नसतं.

तरीही पहिलं काम सोडून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही. वाटप न्याय्य आहे का हे विचारायच्या आधी ते जसं झालं म्हणतात तसंच झालं का, हे कळायला हवं. त्यासाठी गणित यायलाच पाहिजे असं नाही. पुढच्या वेळी कुठलीही सोडत समोर आली, लकी ड्रॉ असो की प्रवेश, तर तीन गोष्टी विचारा. यादी कधी बंद झाली, आकडा यायच्या आधी की नंतर? आकडा कुठून आला, आणि तो देणाऱ्याला आधी माहीत असू शकत होता का? आणि निकाल आवडला नाही तर ‘परत’ म्हणायची सोय कोणाकडे होती?

यातला तिसरा प्रश्न लोक सहसा विचारत नाहीत, कारण त्याने समोरच्याचा अपमान होईल असं वाटतं. गोल करून चकणाऱ्या पोरांना असं कधी वाटत नाही. त्यांना ज्याचा हात उशिरा पडला तो वाईट मुलगा आहे की चांगला याच्याशी देणंघेणं नसतं. हात उशिरा पडला, एवढं त्यांना पुरतं.